कळवतो

काकासाहेबांचे बोट पडद्याला टेकले आणि एका अनोळखी मुलीच्या गालावर भज्याच्या तेलाचा ठसा उमटला.

"हितं," ते म्हणाले. "ह्या चिठ्ठीच्या खाली बटणं पाहिजेत. फोटू, वय, शिक्षण, आन् खाली बटण. दाबलं की मोकळं."

अर्पिताने खणातून फडके काढले आणि मुलीचा गाल पुसला. ठसा गेला नाही, पसरला. त्या मुलीचा अर्धा चेहरा मेणकापडाआडून पाहावा तसा दिसू लागला आणि अर्पिताला आपलाच गाल चिकट झाल्यासारखा वाटला.

जालन्याच्या जुन्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या जळक्या मोटारी पुन्हा बांधून देणाऱ्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर काकासाहेबांचे हे वधू-वर केंद्र होते. दाराला बारमाही झेंडूचे प्लास्टिकचे तोरण असे आणि त्यावर गावातल्या पोलाद कारखान्यांची काळी धूळ बसलेली असे. केंद्राच्या संकेतस्थळाचे सगळे काम अर्पिता पाहत असे. केंद्राची खरी गिऱ्हाइके मुले-मुली नव्हती, त्यांचे बाप होते. हे बाप कचेरीत, पतपेढीत, शाळेच्या कार्यालयात किंवा गावच्या बी-बियाण्याच्या दुकानात संगणकापुढे बसत. नवे स्थळ आले की त्यांच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट वर सरके. जग तिला नोटिफिकेशन म्हणे, काकासाहेब चिठ्ठी म्हणत. आजवर ही चिठ्ठी नुसती खबर देई. उत्तर द्यायचे तर पान उघडावे लागे, आणि पान उघडले की समोरच्या मुलीची माहिती निदान डोळ्यांखालून जाई. तेवढेही आता नको होते.

"साहेबासमोर बसून पोरीचा बायोडाटा उघडता येतो का?" काकासाहेब दात कोरत म्हणाले. "बाप बिचारे लाजतेत. मंग स्थळं तशीच पडून राह्यतेत. आपल्याला काम जल्दी पाहिजे, अर्पिताबाई."

"उत्तरं किती ठेवायची?"

"तीन. पसंत, नापसंत, कळवतो."

"दोनच बसतात, काका. ब्राउझर दोनच बटणं दाखवतो. तिसरं दिलं तर ते दिसतच नाही."

काकासाहेबांनी काडी तोंडातून काढली, तिच्या टोकाकडे पाहिले आणि ती पुन्हा तोंडात घातली. "मंग नापसंत काढ."

"नापसंत काढू?"

"आपल्यात कधी कुणी तोंडावर नापसंत म्हणल्यालं ऐकलंस? पोहे खातेत, चहा पितेत, पोरीला चार पावलं चालून दाखव म्हणतेत, आन् चपला घालताना म्हणतेत, कळवतो. पोरीच्या बापाला तिथंच समजून जातं. कळवतो म्हंजी न्हाईच. बराबर?"

"आणि खरंच कळवायचं असेल तर?"

फोनच्या टेबलामागून बेबीनंदा हसली. केंद्राचे फोन तीच घेत असे, आणि या गावातले किती विवाह कोणत्या वाक्यावर मोडले ते तिला तोंडपाठ होते. "खरंच कळवायचं असलं तर लोकं कळवतो म्हणत न्हाईत, बाई. वार सांगतेत."

अर्पिताने वाद वाढवला नाही. वाद न घालण्याला तिचे स्वतःचे कारण होते आणि त्या कारणाचे नाव कल्याण होते.

कल्याण टेंभुर्णीचा. कॉलेजात तिच्या मागच्या बाकावर बसे आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या कविता मान खाली घालून वाचून दाखवी. आता तो जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर दाणे मांडी आणि त्यांतले कोणते उगवतात ते पाहत बसे. त्या दोघांचे कधीचेच ठरले होते. पण ते ठरलेले असणे कल्याणच्या वडिलांना, बद्रीनाथरावांना, चालणारे नव्हते. "बापूंना हे आपलं आधीचं हाय असं समजलं तर ते बिथरतील," कल्याण म्हणाला होता. "केंद्रावरून रीतसर स्थळ येऊ दे. मी बापूंपुढं तुझा फोटू आणतो, ही बरी दिसती म्हणतो. ते पसंत म्हणतील, तुझे अण्णा पसंत म्हणतील, संपलं. तू घरी काही बोलू नकोस." कल्याण सौम्य होता. त्या सौम्यपणाला ती इतकी वर्षे समंजसपणा म्हणत आली होती.

तेव्हा बटणांचे काम तिने केले. चौकटीच्या खाली दोन आयत आखले. एकावर पसंत, दुसऱ्यावर कळवतो. ब्राउझर बंद पानाआडही जागे राहून ज्या लहानशा स्क्रिप्टचे ऐकतो, तिच्यात तिने लिहिले: दोन्हीकडून पसंत आले की दोन्ही घरांना फोन नंबर द्यावेत, कळवतो आले की स्थळ कायमचे मिटवावे, समोरच्या घरी 'योग नाही' एवढे दोन शब्द धाडावेत, आणि हे मागे घेता येऊ नये. मागे घेता येऊ नये, हा काकासाहेबांचा आग्रह. लोक एकदा दाबतात आणि मग बायको ओरडली की फिरतात, असे त्यांचे म्हणणे.

काही थोड्या ओळी होत्या. पण त्या लिहिताना तिच्या जिभेवर गंजलेल्या खिळ्याची चव आली. शब्दाला सावल्या असतात, आणि माणसे त्या सावल्यांत उभी राहून एकमेकांशी बोलतात, असे तिला वाटत आले होते. तिने भर दुपारी एका शब्दाची सावली कापून टाकली होती आणि त्याचे तिला मासिक वेतन मिळत होते.

लहानपणी अण्णांचे बोट धरून ती एकदा बैलबाजारात गेली होती. दोन व्यापारी एका उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत होते, तोंडाने एक अक्षर बोलत नव्हते. भाव उपरण्याखाली ठरत होता आणि बैल शेजारीच रवंथ करीत उभा होता. बटणे सुरू झाली त्या सकाळी तिला तो बैल आठवला. त्याच्या डोळ्यांवर बसलेल्या माश्याही आठवल्या.

उत्तरे धो धो येऊ लागली. ज्या बापांना एक पान उघडायला सवड नव्हती ते आता हातातला वडापाव खाली न ठेवता निकाल देऊ लागले. फोटोवर दाबले असते तर पूर्ण माहिती उघडली असती. फोटोवर कुणीच दाबत नव्हते. बेबीनंदाला तो खेळ वाटू लागला. फोन खांद्याला लावून ती पडद्यावरची यादी वाची.

"हे बघा, अंबडच्या गुरुजींनी जेवायच्या सुट्टीत ओळीनं सगळ्या कळवल्या. एक ठिवली न्हाई. परतूरच्या त्या उंच पोरीला तर दोघांनी कळवली."

कळवली. तीन दिवसांत हे क्रियापद केंद्रात रुळले. अमकीला कळवली, तमकीला सकाळीच कळवली, हिला कळवून कळवून कंटाळले लोक. काकासाहेब ते इतक्या समाधानाने उच्चारीत की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस जमे. अर्पिता रोज संध्याकाळी सगळ्यांचे पडदे पुसू लागली. फडके धुतले की पाणी पिवळे येई. घरी जाऊन ती हात धुई, मग पुन्हा धुई, आणि जेवताना घास तोंडाशी आला की त्याला भज्याच्या तेलाचा वास आहे असे वाटून खाली ठेवी. मला एकदा हे पार पाडायचे आहे, ती स्वतःला सांगे. एक चिठ्ठी टेंभुर्णीहून निघेल, एक बोट तिच्यावर टेकेल, आणि मग मी या खोलीत पाऊल टाकणार नाही.

चिठ्ठी निघाली ती एका दुपारी. बद्रीनाथरावांनी आपल्या बी-बियाण्याच्या आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानातल्या संगणकावर अर्पिताच्या फोटोखालचे पसंत दाबले आणि ते पडद्यामागच्या वाटेने तिच्या वडिलांच्या, देवानंदांच्या, पाटबंधारे कचेरीतल्या टेबलावर जाऊन पोहोचले. केंद्रात आपले नाव नोंदवून त्या संगणकावर चिठ्ठ्याही तिनेच त्यांना लावून दिल्या होत्या. ती आपल्या जागी बसून वाट पाहू लागली.

"बाई," बेबीनंदा म्हणाली, आणि आज ती हसली नाही. "तुमच्या अण्णांनी टेंभुर्णीच्या पोराला कळवलं."

संध्याकाळी देवानंद मेथीची जुडी घेऊन घरी आले. त्यांनी हातपाय धुतले, टॉवेलने बोटे एकेक करून कोरडी केली आणि चष्मा लावला. महत्त्वाचे बोलायचे असले की ते घरातही चष्मा लावीत.

"बस जरा. तुझ्या केंद्रावरून एक स्थळ आलंय. टेंभुर्णीचं. पोरगा बियाण्याच्या कंपनीत हाय. मी फोटूवर दाबून सगळं वाचलं. चेहरा मला बरा वाटला."

"मग?"

"मंग काय. पसंत म्हणून बटण होतं. पण पसंत मी कसं म्हणू? नांदायचं तुला हाय. तुझी आई असती तर तिनं तुला हळूच विचारलं असतं. म्हणून मी कळवतो दाबलं. म्हटलं घरी जातो, तुला विचारतो, मंग कळवतो."

अर्पिताच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याच्या जवळचा होता.

"अण्णा, कळवतो म्हणजे नाही."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मी न्हाई म्हणत."

"संगणकात तसंच लिहिलंय."

"असं कसं लिहितेत? कुणी लिहिलं?"

तिने मेथीची जुडी पुढे ओढली, एक पान खुडले, ते बोटांत चुरले. "मी."

मग तिने सगळे सांगितले. कल्याण, मागचा बाक, ठरवलेली रीतसर चिठ्ठी, दोनच बसणारी बटणे. देवानंद मेथी निवडत ऐकत होते. काड्या एका बाजूला, पाने एका बाजूला. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, आणि म्हणूनच तिला त्याकडे पाहवेना. तिच्या यादीत इतके बाप होते. मुलीला विचारावे असे त्यांतल्या एकालाच सुचले होते आणि त्या एकाचे बोट तिने स्वतः लिहिलेल्या सापळ्यात सापडले होते.

"मला समोर बसवून सांगायचं सोडून," ते शेवटी म्हणाले, "बटणावर कशाला ठिवलंस, बाई?"

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिने मिटवलेले स्थळ पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. आतल्या नोंदीत 'बंद' होते तिथे 'चालू' करणे तिला शक्य होते, तेवढे अधिकार तिच्याकडे होते. पण टेंभुर्णीच्या भर दुकानात, एका बापाच्या पडद्यावर वर सरकलेली चौकट कोणत्या ओळीने पुसायची? काकासाहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांना सगळे कळले होते. बेबीनंदाने कळवले होते, जुन्या अर्थाने.

"उघडून काय करशील? बद्रीनाथरावांनी कालच दुसरी पसंत केली. मंठ्याची. त्या बाजूचंही पसंत येऊन गेलं." मग त्यांच्या आवाजात एक लाडिक कणव आली, आणि ती त्यांच्या बोटांपेक्षा चिकट होती. "आपल्या घरचं होतं तर आधी सांगायचं ना, पोरी. तेवढ्यापुरतं तिसरं बटण केलं असतं."

कल्याणचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी त्याचा निरोप आला: बापू लई तापलेत, थोडं शांत होऊ दे.

"शांत कशाला व्हायचं?" देवानंद म्हणाले. "मी कळवतो म्हटलंय. कळवायला जावं लागंल."

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नारळ घेतला नाही, पेढे घेतले नाहीत. एसटीत खिडकीशी बसून ते बाहेरच्या तुरीकडे पाहत राहिले. अर्पिताही पाहत राहिली. ती जिंकली तर काय जिंकणार होती, हे तिला अजून माहीत होते: मागच्या बाकावरचा तो आवाज. तेवढा आवाज मिळाला तर भज्याचे तेल, फेस, फडक्याचे पिवळे पाणी सगळे ती विसरून जाणार होती.

बद्रीनाथरावांचे घर दुकानाच्या मागे होते. बैठकीत कीटकनाशकाचा उग्र, गोडसर वास मुरलेला होता आणि त्या वासातच सोनूबाईंनी, कल्याणच्या आईने, पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या. बद्रीनाथरावांनी अगत्य सोडले नाही.

"या पाव्हणं, बसा. तुमी तर आमाला न्हाई म्हणून मोकळे झाल्ते. आज कसं येणं केलं?"

"न्हाई म्हणलो न्हाई," देवानंद म्हणाले. "कळवतो म्हणलो. कळवायला आलोय."

बद्रीनाथरावांचा हात बशीवरच थांबला. "म्हंजी खरंच कळवायला?"

"हो."

"अगं, ऐकलं का," ते आत तोंड करून म्हणाले, "पाव्हणं कळवतो म्हणल्ते आन् बिलकुल कळवायला आलेत." आणि ते हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. विचित्र आकाराचे भोपळे पाहून माणूस हसतो तसे ते हसले, आणि हसता हसता पोह्याचा एक दाणा त्यांच्या मिशीत अडकला. तो दाणा हलत राहिला. अर्पिताला त्यावरून नजर काढता येईना.

"तुमची पोरगी वाईट न्हाई हो," ते पुढे म्हणाले. "पण योग न्हाई म्हणून आलं तवा दुकानात चार माणसं उभी व्हती. औषध घ्यायला आल्याला माणूस मला म्हणतो, काय शेठ, पोरीवाल्यानंच उडवलं का? पोरीच्या बापानं आपल्याला उडवायचं म्हंजी काय? दुसरी चिठ्ठी आल्तीच कोपऱ्यात. मी तिथंच दाबलं पसंत, त्या माणसासमोर. मंठ्याची हाय. आकांक्षा का कायतरी नाव हाय."

मंठ्याला या घटकेला कुणी आकांक्षा आपण आवडलो म्हणून आरशात पाहत असेल. एका गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी तिला पसंत केले होते. अर्पिताने हातातला पोह्यांचा घास बशीत परत ठेवला.

कल्याण आतल्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तो केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक.

"कल्याण," ती म्हणाली, "तू सांगितलंस का यांना?"

बद्रीनाथरावांनी मुलाकडे पाहिले. "काय सांगायचंय?"

कल्याणने तांब्या या हातातून त्या हातात घेतला. थोडे पाणी त्याच्या पायावर सांडले. हाच तो आवाज होता, तोच, मान खाली घातलेला. "काही न्हाई, बापू. आम्ही एका कॉलेजात होतो. तेवढं ओळखीचं हाय."

तेवढं. अर्पिताने त्याच्या पायावरचे पाणी पाहिले. ओल्या कागदावरचे काही दाणे फुगतात, तुकतुकीत दिसतात, उगवणार असे वाटते, आणि मग त्यांना आतून बुरशी लागते. हे तिला त्यानेच एकदा समजावून दिले होते. तिला रडू येईल असे वाटले होते. आला तो निव्वळ किळसेचा काटा, मानेपासून मनगटापर्यंत. काकासाहेबांचे बोट निदान समोरून येत होते.

देवानंद उठले. त्यांनी बद्रीनाथरावांना नमस्कार केला, सोनूबाईंना पोहे चांगले झाले होते असे सांगितले. ते खरेही होते. बापलेक ओट्यावर येऊन चपला घालू लागली तेव्हा कल्याण मागून आला. आता त्याच्या आवाजात जुनी मऊ थरथर होती, वहीच्या शेवटच्या पानावरची.

"अर्पिता, रागावू नकोस. त्या लोकांसमोर एकदम कसं बोलणार? बापूंचं डोकं शांत होऊ दे. मी बघतो काहीतरी. कळवतो तुला."

तिचा एक पाय चपलेत होता, एक ओट्याच्या थंड फरशीवर. केंद्रात कापलेली त्या शब्दाची सावली परत आली नव्हती; त्याचा अर्थ नाही एवढाच होता. काकासाहेब बरोबर होते, बेबीनंदा बरोबर होती, तिने लिहिलेली ओळही बरोबर होती. फक्त जो शब्द चौकटीत मावला नाही, म्हणून तिने आपल्याच हाताने काढून टाकला होता, तो तिच्या दातांपाशी येऊन उभा होता.

"कळवू नकोस," ती म्हणाली. "नापसंत."

शब्द मोठ्याने निघाला. रस्त्यावर शेळ्या घेऊन चाललेल्या बाईने वळून पाहिले. कल्याणचे ओठ थोडे उघडे राहिले, आणि त्या चेहऱ्यावर सर्वांत आधी उमटली ती सुटका होती, दुःख नंतर आले. तो क्रम तिला दिसला. तिने दुसरी चप्पल पायात घातली.

आतून बद्रीनाथरावांचा आवाज आला, "काय म्हणली हो पोरगी?"

देवानंद वाकून चपलेचा पट्टा लावीत होते. तो नीट बसल्यावर ते सरळ झाले.

"काही न्हाई," ते म्हणाले. "तिनं कळवलं."